मुळाचा घास

मी एक जुनी बुरशी आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. शिळ्या भाकरीवर किंवा पावसाळ्यात चपलेवर येते ती बुरशी माझी लांबची नातलग. मी मातीच्या आत राहते. माझं अंग म्हणजे केसाहूनही बारीक अशा पांढऱ्या धाग्यांचं जाळं. एखादं ढेकूळ फोडून तुम्ही उन्हात धरलंत, तरी मी तुमच्या डोळ्यांना दिसणार नाही.

नळदुर्गच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून, मल्लम्मा आणि शरणबसप्पा या नवराबायकोचं काळं रान होतं. माझं सगळं आयुष्य त्या रानात तुरीच्या मुळांना बिलगून गेलं. वरचं जग मी कधी पाहिलं नाही. पण पावलं, पाणी, नांगराचा फाळ, माणसांचं बोलणं हे सगळं हळूहळू मातीत उतरतं. मला जे ठाऊक आहे ते असं खाली उतरलेलं आहे.

फार वर्षं मी एका बीजाणूत मिटून पडले होते. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी समजा, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. एका पावसाळ्यात मल्लम्मानं पेरलेली तूर माझ्या शेजारी रुजली. तिच्या कोवळ्या मुळातून एक वास आला. भुकेल्या माणसाला तव्यावरच्या भाकरीचा यावा तसा. मी बीजाणू फोडून बाहेर आले आणि त्या वासाच्या मागं सरकत मुळापर्यंत पोहोचले. मुळानं मला आत घेतलं. तिथं मला पहिला घास मिळाला, आणि तो गोड होता.

तो गोडवा आला कुठून, हे तुम्हाला सांगायला हवं. झाडाची पानं हवेतला कर्बवायू घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. त्या साखरेचं पुढं काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. थोडी साखर झाड आपल्या वाढीला वापरतं. थोडी शेंगांत जाते. आणि चांगला मोठा वाटा ते मुळांवाटे खाली मातीत सोडतं. माणसाला वाटेल, केवढी ही उधळपट्टी! पण झाड उधळं नाही. त्या गोडव्यावर मातीतलं सगळं गाव जगतं.

मी त्या गावातली वाढपी. मुळानं मला साखर द्यायची आणि जिथं मुळाचा हात पोहोचत नाही तिथं मी माझे धागे पसरायचे. मातीच्या बारीक बारीक फटींतून मी तुरीसाठी पाणी आणायची, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणायची. पण स्फुरद मातीला घट्ट चिकटून बसलेलं असतं. ते सोडवणं माझ्या एकटीचं काम नव्हतं. माझ्या धाग्यांवर जिवाणू राहत. चिमूटभर मातीत आख्ख्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसांहून जास्त जिवाणू असतात. मी त्यांना साखरेचे थेंब द्यायची, ते खाऊन ते स्फुरद मोकळं करायचे, आणि ते मी मुळाला नेऊन द्यायची. हवेतला कर्ब पानात, पानातून मुळात, मुळातून माझ्यात, माझ्यातून त्यांच्यात. असा तो हातोहात खाली यायचा.

हा कर्ब सगळाच खाल्ला जायचा असंही नाही. आम्ही मरायचो तेव्हा आमची अंगं मातीतच राहायची. माझ्या धाग्यांतून एक डिंकासारखा चिकट पदार्थ सुटायचा, त्यानं मातीचे कण एकमेकांना धरून राहायचे. त्यांच्या मधल्या जागेत हवा खेळायची, पाणी मुरायचं. शेतकरी ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात तो असा, पिढ्यान्‌पिढ्या, आमच्या मरणातून साठलेला असतो.

मल्लम्माला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती कर्नाटकातल्या आळंदकडच्या गावातून लग्न होऊन इकडं आली. बोलता बोलता मध्येच कानडी बोलायची, बैलांना तर कानडीतच ओरडायची. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकायची. सोयाबीन निघालं की तुरीच्या मधल्या जागेत जोंधळा पेरायची. तूर काढताना ती बुडाशी कोयता लावायची, मुळं मात्र रानातच ठेवायची. उपटायला कंबर लागते, एवढंच तिचं कारण होतं. पण त्यामुळं आमच्या घरात वर्षभर कुठं ना कुठं चूल पेटलेली असायची.

एका श्रावणात पावसानं फार दिवस तोंड फिरवलं. आजूबाजूचं सोयाबीन माना टाकून बसलं. आमचं रान तग धरून होतं. मी माझे धागे जितके ताणता येतील तितके ताणले होते, ओलीचा शेवटचा कण शोधत होते. एका दुपारी शरणबसप्पा उकिडवा बसला आणि त्यानं मातीचा गोळा हातात घेतला. बोटांनी दाबताच तो अलगद सुटला.

"मल्लम्मा, हे बघ की," तो म्हणाला. "लाडवाच्या रव्यावानी हाय आपलं रान."

"लाडू नंतर खावा," मल्लम्मा म्हणाली. "आधी पाऊस पडू द्या."

ती असं म्हणाली खरी, पण तिनंही खाली वाकून माती हातात घेतली. बराच वेळ ती बोटं माझ्या धाग्यांतून फिरत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेलं कौतुक ते एवढंच. पुढं किती वर्षं मला ते पुरलं!

मग एका थंडीत, जोंधळ्याची कणसं अजून पानांच्या पोटरीत असताना, शरणबसप्पा बांधावर बसल्या जागी कलंडला. तो पडला तो हादरा मला खोलपर्यंत जाणवला. मल्लम्मा धावत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हायवेच्या दिशेनं हाका मारू लागली. कुणीतरी गाडी थांबवली. त्याला सोलापूरला नेलं.

तो परत आला तेव्हा त्याचं उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली होती. एकच शब्द तोंडात राहिला होता, 'व्हय'. पाणी देऊ का विचारलं तर व्हय. दुखतंय का तर व्हय. मल्लम्माचं नाव घ्यायचं असलं तरी व्हय. तो तिच्याकडं बघायचा, तोंड उघडायचा, आणि दुसराच शब्द बाहेर पडल्यासारखा स्वतःच चकित व्हायचा.

त्यांना एकच मुलगा, बसवेश. तो रानाशेजारच्या ढाब्यावर गल्ल्यावर बसायचा. ढाबा नानासाहेबांचा. बाप अंथरुणाला खिळल्यावर रान बसवेशकडं आलं. मित्रांनो, तो वाईट मुलगा नव्हता. सकाळी बापाला अंघोळ घालून तो कामावर जायचा. पण रानासाठी त्याच्याकडं वेळ नव्हता. त्यानं ट्रॅक्टर सांगितला, रोटाव्हेटर फिरवला. फिरत्या पात्यांनी माझ्या जाळ्याच्या चिंध्या केल्या. पीक निघालं की तो तण मारायला फवारणी करायचा आणि पुढच्या पेरणीपर्यंत रान उघडं पडायचं. उन्हाळाभर आम्ही उपाशी असायचो. तरी पाऊस पडून मुळं आली की मी पुन्हा धागे जोडायची. दर वर्षी थोडी कमी जोडली जायची, पण जोडली जायची.

त्या काळात हायवे रुंद झाला. ट्रक वाढले. ढाब्यापुढं ते मावेनात, रस्त्यावर उभे राहू लागले. नानासाहेबांची नजर आमच्या रानावर गेली.

तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना येळवस ठाऊक असेल. वेळ अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं रानात येतात. मल्लम्मानं त्या वर्षीही कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा केली. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकं भरून ताकातली आंबील. शरणबसप्पाला टेम्पोतून आणून कोपीच्या सावलीत बसवलं होतं. येळवसला वाटसरूलाही जेवायला बसवतात, मग नानासाहेब तर शेजारी. तेही आले.

जेवणं झाली. मल्लम्मा तांब्यातून आंबील घेऊन पिकाच्या कडेनं शिंपडत चालली होती. त्याचे थेंब आमच्यापर्यंत येत होते, आंबट आणि गार. तेवढ्यात कोपीपाशी बोलणं सुरू झालं.

"आप्पा," नानासाहेब म्हणाले, "बसवेशचं न् माझं बोलणं झालंय. पार्किंगला जागा द्यायची म्हणतोय तो. पर जमीन तुमची. तुमी एकदा तोंडानं सांगा. देताव न्हवं?"

"व्हय," शरणबसप्पा म्हणाला.

मल्लम्मा थांबली. तांब्या तसाच हातात घेऊन ती परत आली.

"बसवेश, हे काय करलालास?"

"अव्वा, तुझं गुडघं गेल्यात. आप्पा असं. मला ढाबा सोडता येत न्हाय. कोण कसणार हे रान?"

"म्या कसते की."

"किती दिवस?"

 ती नवऱ्यापुढं बसली. त्याच्या तोंडाला लागलेली खीर पदरानं पुसली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "अवो, हिकडं बघा. तुमी रान देणार न्हाय. व्हय न्हवं?"

"व्हय," शरणबसप्पा म्हणाला.

"ऐकलाव?" ती नानासाहेबांकडं वळली. "आता काय धरताव? पयलं का दुसरं?"

 हायवेवरून ट्रक जात राहिले. शरणबसप्पा बायकोकडं बघत होता. त्याच्या चांगल्या हाताची बोटं जमिनीवर टेकलेली होती आणि माती कुरतडत होती. त्याला काही सांगायचं होतं. "व्हय," तो म्हणाला. पुन्हा जोरानं म्हणाला, "व्हय, व्हय," आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही. त्या बोटांच्या जोरावरून मला वाटलं की मला कळलं. पण मी एक बुरशी. माझ्या वाटण्याला कोण विचारतं?

"अव्वा, बास कर," बसवेश हळूच म्हणाला. "सणाच्या दिवशी तमाशा नको."

जोंधळा निघाला आणि यंत्र आलं. त्याचा लोखंडी पंजा जमिनीत घुसला आणि वरची काळी माती सोलून त्यानं कडेला ढीग घातला. त्या मातीत माझं निम्म्याहून अधिक अंग होतं. तो ढीग पुढं कुणी भरावाला नेला. उरलेल्या जमिनीवर मुरूम पडला, पाणी मारलं, रोलर फिरला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मातीच्या कणांमधली प्रत्येक फट मिटली. हवा निघून गेली. गांडुळं वर येऊ बघत होती, ती तिथंच चिरडली. मग ट्रक आले आणि उभे राहिले.

उपासमार कशी असते ते तुम्हाला सांगते. सुरुवातीला जिवाणूंनी तुरीची जुनी, मेलेली मुळं खाल्ली. ती संपली तेव्हा त्यांनी माझे तुटलेले धागे खाल्ले. मी त्यांना वर्षानुवर्षं भरवलं होतं, त्यांनी मला खाल्लं, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यानंतर ते कणांना धरून ठेवणाऱ्या डिंकाला लागले. वरून नवा घास येत नव्हता. जे साठवलेलं होतं ते खाऊन ते जगत होते, आणि जगता जगता त्याचा वायू करून बाहेर सोडत होते. किती पिढ्यांनी साठवलेला कर्ब तो! जिथून आला होता तिथं निघून गेला. मागं राहिली ती घट्ट, करड्या रंगाची, आंबूस वासाची काहीतरी वस्तू. तिला माती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला जीभ नाही हे खरं, पण तुम्ही समजून घ्याल.

सगळं रान गेलं, तरी ढाब्याच्या मागच्या अंगाला एक पट्टी उरली होती. दोन ट्रक एकामागे एक उभे राहतील एवढी लांब आणि बाज मावेल एवढी रुंद. तिथून पाण्याची पाइप गेली होती म्हणून यंत्र तिकडं फिरकलं नव्हतं. पावसाळा लागताच मल्लम्मा गुडघे धरत धरत आली आणि तिनं त्या पट्टीत तूर टोकली.

माझं जे काही उरलं होतं ते त्या पट्टीत होतं. पुन्हा तो वास आला. पुन्हा मी मुळाला भिडले. मित्रांनो, त्या वेळी मी जी आशा केली ती करू नये अशीच होती. मला वाटलं, इथून मी सरकत जाईन. मुरुमाखालून, ट्रकांखालून, बोटभर बोटभर, पुन्हा सगळ्या रानात.

ढाब्याचं खरकटं पाणी त्या पट्टीतून वाहायचं, साबणाचं आणि तेलाचं. मल्लम्मानं मातीचा छोटा बांध घातला. तो फुटला की परत घालायची. एकदा एका ट्रकमधून काळं ऑइल गळत होतं ते उताराला लागून तुरीकडं येऊ लागलं. मल्लम्मानं ड्रायव्हरला हाक मारली. तो परराज्यातला, तिची भाषा त्याला कळेना. तिनं त्याचा हात धरून त्याला तुरीपाशी आणलं आणि नुसतं बोट दाखवलं. त्यानं मान हलवली, गाडी हलवली, आणि जाताना स्वतःच्या बाटलीतलं पाणी तुरीला घालून गेला.

दिवाळी सरली. तुरीला पिवळी फुलं आली. मुळांतून एवढा गोडवा खाली येत होता की मी जिवाणूंना वाटत सुटले होते. आणि त्याच दिवसांत एका पहाटे शरणबसप्पा वारला.

ते लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. मातीत बसवतात, आणि ज्याला रान आहे त्याला शक्यतो त्याच्या रानात.

"अव्वा," बसवेश म्हणाला. तो आणि मल्लम्मा पार्किंगच्या कडेला उभे होते. "आप्पांना गावातल्या रुद्रभूमीत नेऊ."

"त्येंचं रान असताना?"

"रान कुठं राहिलंय अव्वा?"

हे तो बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.  मग तो ढाब्यातून पहार घेऊन आला. पार्किंगच्या मधोमध, जिथं पूर्वी कोप उभी राहायची, तिथं त्यानं पहार मारली. ती टण्णकन उडाली. त्यानं पुन्हा मारली. बराच वेळ तो एकटाच मारत राहिला. मुरमाचा थर फुटला तेव्हा खालचं ढेकूळ त्यानं उपसून हातात घेतलं आणि दाबलं. ते फुटेना. दोन्ही हातांनी दाबलं. मग गुडघ्यावर आपटलं. ते दगडासारखं होतं तसंच राहिलं. बसवेश ते ढेकूळ हातात घेऊन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

नानासाहेब आले. त्यांनी सगळे ट्रक लांब नेऊन उभे करायला लावले. "बसवेश," ते म्हणाले, "इथं गाड्या फिरणार, आप्पांच्या उरावर. ते बरं दिसंल का? मागची पट्टी मऊ हाय. तिथं बसवू त्येंना. माझी काय बी हरकत न्हाय."

सगळे मल्लम्माकडं बघू लागले. पट्टीत तूर उभी होती.

मल्लम्मा पट्टीत गेली. कुणीतरी कोयता पुढं केला. "कोयत्यानं न्हाय," ती म्हणाली. "खड्डा खांदायचाय. मुळासकट काढाय पायजे." आणि ती वाकून एकेक झाड उपटू लागली. बायका मदतीला पुढं आल्या, तिनं त्यांना हातानंच थांबवलं. दर झाडाबरोबर माझे धागे तटातट तुटत होते. फुलं तिच्या डोक्यावर, खांद्यावर गळत होती. एका झाडाचं मूळ खोल गेलेलं होतं. ते निघेना. तिनं दोन्ही पाय रोवले, जोर लावला, आणि ते आलं तेव्हा ती मागं पडली. मुळाला काळी, रवाळ माती चिकटून आली होती. तिनं ती झटकली नाही.

खड्डा झाला. शरणबसप्पाला त्यात बसवलं. जंगम स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला. मूठमूठ माती पडली. माझे जे तुकडे त्या मातीत होते ते त्याच्या अंगाखांद्यावर पडले.

मित्रांनो, कुणी मेलं की मातीतल्यांना मेजवानी असते असं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. ते खोटं नाही. काही जिवाणूंना तिथं खूप मिळालं. पण मी तशी नाही. मला मेलेलं पचत नाही. मला जिवंत मूळच लागतं. त्याच्या हाताशिवाय मला एक घासही खाता येत नाही. मी शरणबसप्पाच्या शेजारी होते आणि उपाशी होते.

तरी पट्टीच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी माती होती. तिथं गवताच्या चार काड्या उगवल्या. एका काडीचं मूळ मला सापडलंही. पण बसवेशच्या मनाला चैन नव्हतं. बापाच्या डोक्यावरून खरकटं पाणी वाहतंय, येणारे-जाणारे तिथं थुंकतायत, हे त्याला बघवेना. त्यानं शहाबादी फरशी आणली. गवत खुरपून काढलं. आख्खी पट्टी सिमेंट घालून फरशीनं बंद केली, सांधे नीट भरले, भोवती विटांचा काठ केला. सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केलं. इतक्या मायेनं केलं की मला ओरडता आलं असतं तरी मी ओरडले नसते.

काम झाल्यावर त्यानं आईला आणलं. तिला फरशीवर बसवलं.

"अव्वा, चांगलं झालं न्हवं? आता पाणी येत न्हाय. एक काडीबी उगवणार न्हाय."

मल्लम्मानं फरशीवर हात ठेवला. दुपारची वेळ होती. तिनं हात लगेच उचलला.

"पोळतंय रे," ती म्हणाली.

"सावली करू की. वर पत्रा टाकतो."

"टाक," ती म्हणाली. नंतर ती उठली, आणि बसवेशच्या खांद्याला धरून ढाब्याला वळसा घालून निघून गेली. तिच्या पावलांचा आवाज मुरमावरून जाईपर्यंत मला येत होता. त्यानंतर ती पावलं मी ऐकली नाहीत. ती आजारी आहे, की आता राहिलीच नाही, हे खाली कळायला आता मार्ग नाही. सिमेंट आता पुरतं आवळलंय, फरशीतून काहीही झिरपत नाही.

मी अजून पुरती मेलेले नाही. माझ्या शेवटच्या धाग्यांनी उरलेला गोडवा दोन-चार बीजाणूंत भरला आहे. त्यातलाच थोडासा खर्चून मी तुमच्याशी बोलते आहे. बोलणं संपलं की मी मिटेन. मुळाचा वास आल्याशिवाय बीजाणूला जाग येत नाही, आणि फरशीखाली मूळ येत नाही. बीजाणू फार काळ वाट बघतो. पण त्याचीही वाट बघण्याची ताकद एक दिवस संपते, आणि ती संपली हे कुणालाही कळत नाही.

मित्रांनो, ही फरशी उचला असं मी म्हणणार नाही. तिच्याखाली एका मुलाचा बाप बसलेला आहे, आणि ती कुणी उचलू नये असं मलाही वाटतं. माझं जे व्हायचं ते झालं. पण तुमच्या दारात, शाळेमागं, बांधाला, कुठंतरी अजून उघडी माती असेल. तिला रिकामी ठेवू नका. पीक काढलंत तर मागोमाग काहीतरी पेरा. पेरायला जमलं नाही तर गवत तरी राहू द्या. तुम्हाला ते गबाळं दिसेल, पाय अडखळेल, कुणी म्हणेल साफ करून टाका. त्या वेळी हातातलं खुरपं क्षणभर थांबवा. त्या काडीच्या मुळाशी खाली कुणीतरी जेवायला बसलेलं आहे.